कीड लागण्यापूर्वी

दाढ दुखू लागली म्हणजे माणसाला दुसरे काही सुचत नाही. अन्न गोड लागत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कामात लक्ष राहत नाही. मग घरात लवंग शोधली जाते. कोणी लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरावयास सांगतो, तर कोणी मिठाच्या पाण्याने चुळा भरावयास लावतो. एवढ्याने भागले नाही म्हणजे दंतवैद्याचे दार ठोठवावे लागते. दंतवैद्य कीड कोरून काढतो व दाढेतील पोकळी भरतो. काही उपायच उरला नसेल तर दाढ उपटतो. ठणका थांबतो, परंतु गेलेली दाढ काही परत येत नाही. आग लागल्यावर विहीर खणण्यासारखाच हा प्रकार होय.

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो. या शब्दप्रयोगामागे फार जुना समज दडलेला आहे. दातात एखादा किडा शिरून बसतो आणि तोच दात पोखरतो, असे प्राचीन बाबिलोनियातील लोक मानीत. हा समज पुढे अनेक देशांत शतकानुशतके टिकून राहिला. किडा कोठून येतो आणि केव्हा शिरतो हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याला अडवावे कसे, हा प्रश्नही कोणी विचारीत नसे. दात किडणे हा नशिबाचा भोग मानला जाई.

१८९० साली विलोबी मिलर या शास्त्रज्ञाने आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मिलर मूळचे अमेरिकेचे. परंतु त्यांचे संशोधन जर्मनीतील बर्लिन शहरी चालले होते. दात पोखरणारा किडा कोठेच नसतो, असे त्यांनी दाखवून दिले. तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. साखर आणि पिष्टमय अन्नाचे कण त्यांना मिळाले की ते त्यांपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातील क्षार विरघळविते, आणि तेथूनच पोकळीस आरंभ होतो. रोगाचे कारण असे हाती आले, तेव्हा रोग होऊच न देण्याचा मार्गही दिसू लागला. जंतूंचा थर दातांवर साचू दिला नाही तर आम्ल तयार होणार कोठून?

मार्ग दिसला खरा, परंतु त्या मार्गाने लोकांना न्यावे कोणी? दंतवैद्यांची संख्या थोडी, आणि किडलेले दात दुरुस्त करण्यातच त्यांचा सारा दिवस जाई. निरोगी दातांकडे पाहावयास त्यांना सवड कोठली! या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या शहरी मिळाले.

ब्रिजपोर्ट हे समुद्रकाठचे, कारखान्यांनी गजबजलेले शहर. तेथे डॉ. आल्फ्रेड फोन्स हे दंतवैद्य होते. फिलाडेल्फिया शहरातील डॉ. स्मिथ नावाचे दंतवैद्य आपल्या रोग्यांचे दात ठरावीक मुदतीने स्वतः स्वच्छ करून देतात आणि त्यामुळे ते दात निरोगी राहतात, ही गोष्ट फोन्स यांच्या मनात भरली. त्यांनीही आपल्या दवाखान्यात तीच पद्धत सुरू केली. गुण चांगला येत होता. परंतु एकेका माणसाचे दात स्वच्छ करण्यात एवढा वेळ जाई की इतर कामे पडून राहत. तेव्हा फोन्स यांच्या मनात एक विचार आला. हे काम नाजूक असले तरी नीट शिकविले असता दुसऱ्या कोणाला ते का करता येऊ नये?

त्यांच्या दवाखान्यात आयरीन न्यूमन या साहाय्यक म्हणून काम करीत. नात्याने त्या फोन्स यांच्या बहीण लागत. १९०६ साली फोन्स यांनी त्यांना दात खरवडून स्वच्छ कसे करावे आणि त्यांवर तकाकी कशी आणावी याचे शिक्षण दिले. पुढील वर्षापासून न्यूमन रोग्यांचे दात स्वच्छ करू लागल्या. दंतवैद्याची पदवी नसलेल्या स्त्रीने रोग्याच्या तोंडात हत्यार चालवावे, ही गोष्ट अनेक दंतवैद्यांना रुचली नाही. तथापि न्यूमन यांचे काम इतके नेटके होते की त्या कामानेच पुष्कळशा शंकांना उत्तर दिले.

एका व्यक्तीला जे साधले ते अनेकांना साधावे म्हणून फोन्स यांनी एक शाळाच काढली. १७ नोव्हेंबर १९१३ रोजी तिचा पहिला वर्ग भरला. इमारत अशी नव्हतीच; दवाखान्याशेजारचा गाडीखाना हीच शाळा. विद्यार्थिनींमध्ये शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, दंतवैद्यांच्या साहाय्यक होत्या आणि काही दंतवैद्यांच्या पत्नीही होत्या. त्यांना शिकविण्यास येल, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या नामवंत विद्यापीठांतील अध्यापक येत. गाडीखान्यात भरणाऱ्या शाळेला असे गुरू लाभावेत, हे त्या शाळेचे भाग्यच म्हणावयाचे.

या नव्या व्यवसायाला नाव काय द्यावे, हाही प्रश्न होता. 'दंतपरिचारिका' हे नाव काहींनी सुचविले. फोन्स यांना ते पसंत पडले नाही. परिचारिका म्हटली की आजारपण डोळ्यांपुढे उभे राहते. या स्त्रियांचे काम तर आरोग्य राखण्याचे. ग्रीक लोकांच्या आरोग्यदेवतेचे नाव हायजिया. त्या नावावरून आरोग्यशास्त्राला इंग्रजीत जो शब्द आला, त्यावरून फोन्स यांनी 'डेंटल हायजिनिस्ट' हे नाव योजले. तेच पुढे जगभर रूढ झाले.

दात स्वच्छ करणे ते काय, आणि त्यासाठी शाळा हवी कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु तेथील अभ्यासक्रम पाहिला म्हणजे ही शंका उरत नाही. शरीररचना, शरीराचे व्यापार, जंतुशास्त्र, अन्नाचे रसायन, दातांची व हिरड्यांची दुखणी, हत्यारे निर्जंतुक करण्याच्या रीती, आणि शाळेतील मुलांना दंतारोग्य कसे शिकवावे, हे सारे विषय विद्यार्थिनींना शिकावे लागत. आज या व्यवसायाचे शिक्षण अनेक देशांत दिले जाते. शास्त्र पुढे गेले, साधने सुधारली. परंतु शिक्षणाचा पाया तोच राहिला.

विद्यार्थ्याला प्रथम दाताची ओळख करून घ्यावी लागते. दाताचे बाहेरचे कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते; परंतु या कवचाचा तुकडा एकदा गेला की शरीर तो पुन्हा तयार करू शकत नाही. माणसाला लहानपणी २० दुधाचे दात येतात आणि पुढे ३२ कायमचे दात येतात, हे बहुतेकांस ठाऊक असते. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरच्या माणसांना ती दुधाचीच वाटते. 'किडली तरी पडायचीच आहे' असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः ती कायमची दाढ असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. पहिलीतील मुलाच्या तोंडात हायजिनिस्ट प्रथम ही दाढ शोधतो, याचे कारण हेच.

दातांच्या शत्रूंचीही ओळख करून घ्यावी लागते. दात घासल्यानंतर थोड्याच वेळात त्यांवर जंतूंचा एक पातळ, चिकट थर बसू लागतो. तो सहजासहजी दिसत नाही. जिभेला मात्र दात बुळबुळीत लागतात. हा थर मऊ असतो तोवर ब्रशाने निघतो. तसाच राहू दिला तर लाळेतील क्षार त्यात साचतात आणि त्याचे दगडासारखे कठीण कीटण बनते. मग ब्रश कितीही घासला तरी ते हलत नाही. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन ठिकाणी कीटण अधिक साचते; कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडे त्यांच्याजवळच उघडतात.

कीटण आणि जंतूंचा थर यांमुळे हिरड्या सुजतात. निरोगी हिरडी घट्ट असते व घासताना तिच्यातून रक्त येत नाही. सुजलेली हिरडी लालभडक व फुगीर दिसते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. रक्त आले की लोक भिऊन त्या जागी ब्रश लावणेच सोडून देतात. त्यामुळे तेथील थर वाढतो आणि सूजही वाढते. पुढे हिरडी दातापासून सुटू लागते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते, आणि न किडलेला दातही हलू लागतो. हिरडी किती सुटली आहे हे मोजण्यासाठी एक बारीक सळई असते. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा केलेल्या असतात. निरोगी तोंडात ही खोली साधारणतः १ ते ३ मिलिमीटर भरते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ही सळई अलगद टेकवून विद्यार्थी आकडे लिहून घेतो. या आकड्यांवरूनच पुढच्या भेटीत रोग हटला की वाढला हे कळते.

ज्ञान झाले तरी हात तयार होण्यास वेळ लागतो. ब्रिजपोर्टच्या विद्यार्थिनींना प्रथम दात बसविलेल्या कृत्रिम मस्तकांवर सराव करावा लागे. खऱ्या माणसाच्या तोंडात हत्यार नेण्याची परवानगी त्यानंतर मिळे. आजही क्रम तोच आहे. दात खरवडण्याचे हत्यार लेखणीप्रमाणे अंगठा व दोन बोटे यांत धरतात आणि अनामिका जवळच्या दातावर टेकवितात. रोग्याने अकस्मात मान हलविली तर टेकविलेल्या बोटामुळे हातही बरोबर हलतो आणि हत्यार घसरून हिरडीत रुतत नाही. हत्याराचे पाते कीटणाच्या खाली नेऊन लहान, आखूड ओढीने ते सुटे करावयाचे असते. जोर करावयाचा नसतो.

हत्याराला धार लावणे हाही अभ्यासाचाच भाग. बोथट विळ्याने गवत कापताना जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की विळा निसटतो. दात खरवडण्याच्या हत्याराचेही तसेच आहे. धारदार हत्यार रोग्याला कमी त्रास देते, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याला प्रथम विचित्र वाटते. अनुभवाने ती पटते.

डावा हात आरसा सांभाळतो. लांब दांड्याचा हा चिमुकला आरसा दाढांच्या मागची बाजू दाखवितो. परंतु आरशात सारे उलटे दिसते. डोळ्यांना पुढे दिसते ते खरोखर मागे असते. आरशात पाहून हत्यार नेमके त्या जागी नेणे आरंभी फार अवघड जाते आणि हात भलतीकडेच वळतो. कित्येक दिवसांच्या सरावाने डोळा व हात यांचे सख्य जमते. हिरडीच्या कडेखालचे कीटण तर आरशातही दिसत नाही. तेथे बोटांनीच पाहावे लागते. हत्याराचे टोक गुळगुळीत दातावरून सरकते आणि खडबडीत कीटणावर किंचित अडखळते. ती सूक्ष्म थरथर बोटांना कळू लागली म्हणजे विद्यार्थ्याचा हात तयार झाला असे समजतात.

याखेरीज शिस्तही शिकावी लागते. पुढच्या दातांना चार बाजू असतात आणि दाढांना पाच. काम एका टोकापासून सुरू करून ठरलेल्या क्रमाने दुसऱ्या टोकापर्यंत न्यावयाचे, म्हणजे एकही बाजू नजरेतून सुटत नाही. शेवटी दातांना तकाकी आणावयाची. फोन्स यांच्या विद्यार्थिनी संत्र्याच्या झाडाच्या लाकडाची काडी आणि ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची बारीक पूड वापरीत. आता त्यासाठी विजेवर फिरणारे रबरी साधन असते. एका रोग्यासाठी वापरलेली हत्यारे दुसऱ्यासाठी घेण्यापूर्वी ती धुऊन दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअस उष्णतेवर किमान १५ मिनिटे ठेवतात. हत्यार डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे, हा धडा विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्या दिवसापासून बिंबविला जातो.

तोंड हे शरीराचे दार आहे. म्हणून हत्याराला हात लावण्यापूर्वी रोग्याची विचारपूस करावी लागते. हृदयाचे दुखणे आहे काय? मधुमेह आहे काय? कोणती औषधे चालू आहेत? मधुमेह आटोक्यात नसला तर हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्या बिघडल्या की मधुमेह आटोक्यात आणणेही जड जाते. दातांबरोबर जीभ, गालांची आतली बाजू आणि ओठ यांचेही निरीक्षण करावे लागते. भरून न येणारा व्रण किंवा पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा दिसला तर तो तत्काळ दंतवैद्याच्या नजरेस आणावयाचा असतो. कारण कधीकधी ती कर्करोगाची पूर्वसूचना असते. तंबाखू, गुटखा व सुपारी खाणाऱ्यांत हा धोका मोठा. महाराष्ट्रातील अनेक घरांत दात घासण्यासाठी मिसरी वापरतात. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. दात स्वच्छ होतात या समजुतीने जी वस्तू रोज हिरड्यांना चोळली जाते, तीच तोंडाची वैरीण ठरते. असा चट्टा वेळीच ओळखणाऱ्या डोळ्यांमुळे एखाद्याचा प्राणही वाचतो.

सर्वांत कठीण धडा मात्र बोलण्याचा. दात स्वच्छ करून दिले तरी माणूस घरी गेल्यावर काय करतो, यावरच सारे अवलंबून असते. त्याला रागावून उपयोग नाही. रागावले तर तो लाजेल, आणि लाजला तर पुन्हा येणार नाही. म्हणून विद्यार्थ्याला प्रथम ऐकावयास शिकवितात. मग रोग्याच्या हाती आरसा देऊन त्याला त्याचेच दात दाखवावयाचे. जंतूंचा थर रंगविणारी निरुपद्रवी गोळी चघळावयास दिली की न दिसणारा थर रंगीत दिसू लागतो, आणि ब्रश कोठे पोहोचला नाही हे न सांगता कळते. खाण्याविषयीही असेच समजावून द्यावे लागते. गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. प्रत्येक वेळी नव्याने आम्ल तयार होते आणि लाळेला ते निवळविण्यास वेळ लागतो. जेवणाबरोबर खाल्लेल्या एका लाडवापेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने चघळलेल्या गोळ्या दातांस अधिक घातक ठरतात.

ब्रिजपोर्टच्या पहिल्या वर्गातील २७ विद्यार्थिनी १९१४ साली उत्तीर्ण झाल्या. त्यांची खरी कसोटी त्यानंतरच लागावयाची होती. ब्रिजपोर्टच्या कारखान्यांत काम करण्यासाठी हंगेरी, इटली, पोलंड अशा देशांतून अनेक कुटुंबे येऊन राहिली होती. त्यांच्या मुलांना दवाखान्याची पायरी क्वचितच चढावयास मिळे. मुले दवाखान्यात येत नाहीत, तर दवाखानाच मुलांकडे न्यावा, असे फोन्स यांनी ठरविले. शहराच्या कारभाऱ्यांनी या कामासाठी पैसा मंजूर केला, आणि हायजिनिस्ट आपली सुटसुटीत खुर्ची व हत्यारे घेऊन शाळाशाळांतून जाऊ लागल्या.

आरंभ पहिली व दुसरी या इयत्तांपासून झाला. कारण सहा वर्षांची दाढ नुकतीच आलेली असते ती याच मुलांच्या तोंडात. प्रत्येक मुलाचे दात स्वच्छ करावयाचे, किडलेल्या दातांची नोंद करावयाची, आणि मग साऱ्या वर्गाकडून दात घासण्याची कवायत करून घ्यावयाची, असा क्रम असे. मुले हाती ब्रश घेऊन उभी राहत. दात मिटून बाहेरच्या बाजूवर ब्रश गोल गोल फिरवावयाचा, मग तोंड उघडून आतली बाजू घासावयाची, अशी ती कवायत होती. भाषा न समजणाऱ्या मुलालाही ती पाहून करता येई. वरच्या वर्गांतील मुलांना पडद्यावर चित्रे दाखवून माहिती दिली जाई, आणि आईबापांसाठी पत्रके घरी धाडली जात. हे काम वर्षानुवर्षे चालू राहिले. पाच वर्षांनी तपासणी केली तेव्हा, ज्यांना ही निगा मिळाली होती त्या पाचवीतील मुलांच्या कायमच्या दातांत, निगा न मिळालेल्या मुलांच्या मानाने, कीड कमी आढळली.

नव्या व्यवसायाला कायद्याचीही जोड मिळाली. कनेक्टिकट राज्याने १९१५ साली हायजिनिस्टला काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हे कायद्याने ठरवून दिले. दातांवरील कीटण व डाग तिने काढावेत. त्यापलीकडची शस्त्रक्रिया करू नये. काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली करावे. आपल्या विद्येची सीमा ओळखणे हाही विद्येचाच भाग होय. या कायद्यानुसार १९१७ साली पहिला परवाना मिळाला तो आयरीन न्यूमन यांना. १९१६ पर्यंत तीन वर्ग चालवून फोन्स यांनी आपली शाळा बंद केली. कारण तोवर न्यूयॉर्क व बोस्टन या शहरांत असे शिक्षण देणाऱ्या संस्था निघू लागल्या होत्या. १९४९ साली ब्रिजपोर्ट विद्यापीठात फोन्स यांच्या नावाने पुन्हा अशी शाळा स्थापन झाली.

भारतात दंतवैद्यांविषयीचा कायदा १९४८ साली झाला. त्यात हायजिनिस्टचीही व्याख्या देण्यात आली. दात खरवडणे, स्वच्छ करणे, त्यांना तकाकी आणणे आणि दंतारोग्याचे शिक्षण देणे, ही त्याची कामे कायद्याने नमूद केली. या व्यवसायासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला. आरंभी केवळ स्त्रियांचा असलेला हा व्यवसाय आता स्त्रिया व पुरुष दोघेही करतात.

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य आहे. शल्यवैद्याने गाठ काढली, दंतवैद्याने ठणका थांबविला, म्हणजे रोगी त्यांचे उपकार स्मरतो. हायजिनिस्टने वाचविलेला दात मात्र मुळी दुखतच नाही. म्हणून तो वाचला हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. न लागलेली कीड कोणाला दिसत नाही आणि न झालेल्या दुखण्याबद्दल कोणी आभार मानीत नाही. तरीही हा व्यवसाय शिकणारे विद्यार्थी वर्षानुवर्षे तीच हत्यारे घासतात, त्याच आरशात पाहण्याचा सराव करतात आणि तीच गोष्ट प्रत्येक मुलाला नव्या उत्साहाने सांगतात. मुलाने ती ऐकली आणि पुढच्या भेटीत त्याच्या दातांवर खरवडण्याजोगे फारसे काही सापडले नाही, तर त्यांना कृतार्थ वाटते. आपले काम कमी व्हावे म्हणून झटणारे लोक जगात थोडेच. त्यांच्या श्रमाचे चीज करणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. त्यासाठी सकाळी व रात्री दोन दोन मिनिटे पुरतात.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दात किडण्याविषयी प्राचीन बाबिलोनियातील लोकांचा काय समज होता?
(आ) फोन्स यांची शाळा कोठे भरत असे?
(इ) १९१७ साली पहिला परवाना कोणास मिळाला?

२. कारणे सांगा.
(अ) फोन्स यांना 'दंतपरिचारिका' हे नाव पसंत पडले नाही.
(आ) सहा वर्षांच्या दाढेकडे घरच्या माणसांचे दुर्लक्ष होते.
(इ) दात खरवडताना अनामिका जवळच्या दातावर टेकवितात.
(ई) हिरडीतून रक्त आले म्हणून ब्रश लावणे सोडू नये.

३. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) ब्रिजपोर्टच्या शाळांत हायजिनिस्ट कोणकोणती कामे करीत?
(आ) 'सर्वांत कठीण धडा मात्र बोलण्याचा,' असे या पाठात का म्हटले आहे?

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळ्याला डोळा न लागणे, मनावर बिंबविणे, आटोक्यात येणे, श्रमाचे चीज करणे.

५. उपक्रम : आपल्या आजोळच्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारून, पूर्वी दात घासण्यासाठी काय काय वापरीत त्याची यादी करा. त्यांतील कोणत्या वस्तू दातांना हितकारक व कोणत्या अपायकारक, याची वर्गात चर्चा करा.